निक्स स्टोअरवर आरएम चालवू नका

निक्स (सॉफ्टवेअरची पॅकेज लावणारं आणि सांभाळणारं साधन) वापरणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतोय. त्याचं सार असं: /निक्स/स्टोअर (निक्स सगळी पॅकेज ठेवतं ती जागा) डिस्क खाऊन टाकतं. त्यात एकाच पॅकेजच्या चार-चार प्रती पडून असतात. निक्सची स्वतःची सफाईची कमांड चालवून जागा सुटत नाही. तेव्हा फाइंडने ३० दिवसांपेक्षा जुने फोल्डर शोधा, सुडो (प्रशासकाचे अधिकार) लावून आरएम -आरएफने (न विचारता पुसून टाकणारी कमांड) उडवा, आणि काही कमी पडलंच तर निक्स ते पुन्हा उतरवून घेईल. ज्यांना एवढं धाडस नको त्यांनी निक्स-कलेक्ट-गार्बेज -डी रोज रात्री क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सोय) लावून टाकावं, अशी पुस्तीही सोबत असते.

माझ्या एका मित्राने हा सल्ला शब्दशः पाळला. त्यानंतरच्या दोन संध्याकाळी मी त्याच्या लॅपटॉपसमोर बसून काढल्या. म्हणून हा एकेक मुद्दा घेऊन लिहितोय. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलवर त्या रोमनमध्येच टाकायच्या.)

डिस्क भरते ही तक्रार मात्र शंभर टक्के खरी आहे. २५६ जीबीच्या लॅपटॉपवर निक्स लावून तीन-चार महिने अपडेट करत राहिलात तर स्टोअर सहज पन्नास-साठ जीबीच्या घरात जातं. दुखणं खरं आहे, औषध चुकीचं आहे.

आता पहिला मुद्दा, त्या ‘चार प्रतीं’चा.

स्टोअरमधल्या कुठल्याही फोल्डरचं नाव बघा. आधी ३२ अक्षरांचा हॅश (गणिताने काढलेली ओळखखूण), मग डॅश, मग पॅकेजचं नाव आणि आवृत्ती. (त्या ३२ अक्षरांत ई, ओ, टी आणि यू कधीच येत नाहीत, हॅशमधून चुकून एखादा अपशब्द तयार होऊ नये म्हणून ती मुद्दाम वगळली आहेत.) हा हॅश ते पॅकेज कशापासून बनलं यावरून ठरतो: सोर्स कोणता, कंपायलर कोणता, कोणत्या लायब्ररी, कोणते पर्याय, बिल्डची स्क्रिप्ट कोणती. यातलं काहीही बदललं की हॅश बदलतो. ग्लिबसीमध्ये (बहुतेक प्रोग्रामना लागणारी मूळ लायब्ररी) एक छोटी दुरुस्ती झाली तरी तिच्यावर उभं असलेलं सगळं नव्याने बनतं आणि नव्या फोल्डरमध्ये जातं. नाव तेच, आवृत्ती तीच, पण आतल्या फाइली वेगळ्या ग्लिबसीशी बांधलेल्या. त्याला प्रत म्हणणं म्हणजे एकाच नावाच्या दोन माणसांना एकच रेशनकार्ड देण्यासारखं आहे.

आणि हे बांधलेपण अगदी अक्षरशः आहे. हॅलो नावाचा छोटासा प्रोग्राम घ्या. त्याच्या बायनरीत ग्लिबसीचा पूर्ण पाथ, हॅशसकट, लिहिलेला असतो. ग्लिबसीला लिबआयडीएन२ लागते, तिला लिबयुनिस्ट्रिंग. निक्स-स्टोअर -क्यूआर असं विचारलंत की ही सगळी साखळी समोर येते. निक्सला ही साखळी कळते कशी, हे मला आजही फार सुंदर वाटतं. बिल्ड झाल्यावर ते तयार फाइलींमध्ये ती ३२ अक्षरं शोधतं. हॅश सापडला म्हणजे अवलंबन आहे. कुणी यादी लिहून द्यायची गरज नाही, त्यामुळे यादीत काही लिहायचं राहून जाण्याचा प्रश्नही नाही.

यामागची कल्पना एल्को डोल्स्ट्रा यांची. नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट विद्यापीठात २००३ मध्ये त्यांनी निक्स सुरू केलं आणि २००६ च्या पीएचडी प्रबंधात तिची मांडणी केली. प्रबंधाने डिस्ककडे मेमरीसारखं पाहिलं. स्टोअरमधला पाथ म्हणजे पॉइंटर, मेमरीतल्या जागेचा पत्ता असतो तसा. मग ज्याच्याकडे एकही पॉइंटर पोहोचत नाही तो कचरा, आणि तो गोळा करण्याचं काम गार्बेज कलेक्टरचं. प्रोग्रामिंग केलेल्या कुणालाही विचारा, पॉइंटर शिल्लक असताना मेमरी मोकळी केली तर काय होतं. स्टोअरवर आरएम चालवणं म्हणजे नेमकं तेच.

दुसरा मुद्दा ‘३० दिवसांपेक्षा जुनं’. सगळ्यात जास्त नुकसान याने होतं.

सल्ल्यातलं काहीही करण्याआधी स्टोअरमधल्या कुठल्याही फोल्डरवर एकदा स्टॅट कमांड चालवून बघा. बदलाची तारीख दिसेल १ जानेवारी १९७०, भारतीय वेळेनुसार पहाटे ५ वाजून ३० मिनिटं १ सेकंद. आज सकाळी उतरवलेल्या पॅकेजचीही हीच तारीख. निक्स स्टोअरमधल्या प्रत्येक फाइलीची वेळ मुद्दाम युनिक्स काळाच्या पहिल्या सेकंदावर आणून ठेवतं, म्हणजे तीच गोष्ट कुठल्याही मशीनवर, कुठल्याही दिवशी बनली तरी तारखेमुळे फरक पडू नये.

आता त्या फाइंडचा अर्थ लक्षात घ्या. ३० दिवसांपेक्षा जुनं शोधा म्हटलं की स्टोअरमधलं झाडून सगळं जुनं ठरतं. मित्राच्या लॅपटॉपवर तेच झालं. उबुंटूवर निक्स वेगळं लावलेलं होतं, त्यामुळे सुडोला कुणी अडवलं नाही. (निक्सओएसवर, म्हणजे निक्सवरच उभारलेल्या लिनक्सवर, स्टोअर केवळ वाचनासाठी माउंट केलेलं असतं, तिथे आरएमला नकार मिळतो. तो नकार चुकवायला रिमाउंट करा असं सांगणारेही आहेत. कृपा करून करू नका.) दीड मिनिटात कमांड संपली. त्याने पुढची कमांड टाकली, निक्स --व्हर्जन, आणि टर्मिनल म्हणालं अशी फाइलच नाही. निक्स स्वतःसुद्धा स्टोअरमध्येच राहतं ना!

समजा तारखा खऱ्या असत्या, तरी निकष चुकलेलाच होता. सहा महिन्यांपूर्वीची लायब्ररी आज चालू असलेल्या दहा प्रोग्रामना लागत असेल. काल रात्री बनलेलं एखादं पॅकेज आज कुणालाच नको असेल. वय पाहून इथे काहीच ठरत नाही.

‘निक्स पुन्हा उतरवून घेईल’ हा तिसरा मुद्दा. नाही घेणार, निदान आपणहून तरी नाही.

स्टोअरमध्ये काय आहे याची नोंद निक्स एका एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये ठेवतं, /निक्स/व्हार/निक्स/डीबी खाली. तुम्ही आरएमने फोल्डर काढलात तरी त्या नोंदीत तो जागेवरच असतो. निक्स नोंद बघतं, ‘हे तर आहेच’ म्हणतं आणि उतरवत नाही. मग एखादा प्रोग्राम मध्येच लायब्ररी सापडत नाही म्हणून कोसळतो आणि दोष निक्सच्या माथी बसतो. थोडकंच काही गेलं असेल तर उपाय आहे: निक्स-स्टोअर --व्हेरिफाय --चेक-कंटेंट्स --रिपेअर. हे प्रत्येक पाथ नोंदीशी ताडून पाहतं आणि जे बिघडलंय किंवा गायब आहे ते कॅशमधून (तयार पॅकेज ठेवणाऱ्या सर्व्हरवरून) परत आणण्याचा प्रयत्न करतं. पण जे तुम्ही स्वतःच्या मशीनवर, स्वतःचा पॅच लावून बनवलं होतं ते कुठल्याही कॅशमध्ये नसतं. ते पुन्हा बनवावंच लागतं. मित्राच्या बाबतीत रिपेअर चालवायला निक्सच उरलं नव्हतं. आम्ही सगळं पुसून निक्स नव्याने लावलं. प्रोजेक्टच्या फ्लेक डॉट लॉक फाइली (कशाची नेमकी कोणती आवृत्ती, हे नोंदवणाऱ्या) गिटमध्ये होत्या म्हणून बाकी सगळं हुबेहूब परत उभं राहिलं. दुसरी संध्याकाळ त्याच्या पॅच लावलेल्या कंपायलरच्या बिल्डमध्ये गेली.

आता चौथा मुद्दा: ‘निक्सची सफाई कामच करत नाही’. यावर जरा थांबू, कारण हा सल्ला पसरतो तो याच अनुभवातून. लोक निक्स-स्टोअर --जीसी किंवा नवी निक्स स्टोअर जीसी चालवतात, दोन-चारशे एमबी सुटतात, आणि वैतागून आरएमकडे वळतात.

कलेक्टर आपलं काम चोख करत असतो. तो फक्त तेच काढतो ज्याच्यापर्यंत कुठल्याही रूटपासून (‘हे हवंय’ असं सांगणाऱ्या नोंदीपासून) पोहोचता येत नाही. जागा सुटली नाही याचा अर्थ कुणीतरी धरून ठेवलंय. मग विचारायचं ते हे, की कोणी.

धरून ठेवणारे ठरलेले असतात. पहिल्या जुन्या जनरेशन. प्रत्येक अपडेटला प्रोफाइलची (लावलेल्या पॅकेजच्या संचाची) नवी जनरेशन बनते आणि आधीची तशीच राहते, तिच्या सगळ्या गोतावळ्यासकट. वरच्या दोन्ही कमांड जनरेशनना हातच लावत नाहीत. निक्सओएसवर सिस्टिमच्या जनरेशन रूट या प्रशासक वापरकर्त्याच्या मालकीच्या असतात, म्हणून निक्स-कलेक्ट-गार्बेजला काढायच्या जनरेशनचा पर्याय दिलात पण सुडो लावलं नाहीत तर तुमच्या स्वतःच्या जनरेशन जातात, सिस्टिमच्या तशाच राहतात. दुसरे धरणारे म्हणजे सध्या चालू असलेले प्रोग्राम. ब्राउझर उघडा ठेवून सफाई केलीत तर त्याची जुनी आवृत्ती तोवर सुरक्षित राहते, आणि ते योग्यच आहे.

तिसरा धरणारा सगळ्यांच्या नजरेतून सुटतो. निक्स-बिल्ड चालवलं की त्या फोल्डरमध्ये ‘रिझल्ट’ नावाची सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी लिंक) येते. दिसायला ती एक सोय वाटते, पण निक्स तिची नोंद /निक्स/व्हार/निक्स/जीसीरूट्स/ऑटो मध्ये करतं आणि ती रूट बनते. दोन वर्षांपूर्वी डाउनलोड्समध्ये सहज करून पाहिलेला एखादा बिल्ड अशा लिंकमुळे आजही कित्येक जीबी अडवून बसलेला असू शकतो. निक्स-डायरेन्व्ह (फोल्डरमध्ये शिरताच त्या प्रोजेक्टची साधनं हजर करणारं) वापरत असाल तर प्रत्येक प्रोजेक्टच्या डॉट-डायरेन्व्ह फोल्डरमध्येही असेच रूट असतात.

हे बघायला निक्स-स्टोअर --जीसी --प्रिंट-रूट्स चालवा. डावीकडे धरणारा, उजवीकडे धरलेलं, अशी यादी येते. एखाद्या ठरावीक पाथबद्दल विचारायचं तर निक्स-स्टोअर -क्यू --रूट्स आणि पुढे तो पाथ. मधली साखळी हवी असेल तर निक्स व्हाय-डिपेंड्स. आणि काही न काढता आधी नुसती यादी पाहायची असेल तर --प्रिंट-डेड. या चार कमांड हाताशी असल्या की आरएमची आठवणही होणार नाही. एखादाच पाथ काढायचा असेल तर निक्स-स्टोअर --डिलीट आहे. तो कुणाला लागत असेल तर ती कमांड साफ नकार देते, आणि हाच तिच्यात आणि आरएममध्ये असलेला फरक.

एक उलटी गोष्टही ध्यानात ठेवा. प्रोजेक्टच्या फोल्डरचं नाव बदललंत तर रूटची नोंद जुन्या पत्त्याकडे बघत राहते. तिथे काही नाही म्हटल्यावर पुढच्या सफाईत निक्स ती नोंद काढून टाकतं, आणि तुमचा बिल्ड त्याच्याबरोबर जातो.

राहिली पुस्ती, रोज रात्री -डी. हा पर्याय चालू जनरेशन सोडून बाकी सगळ्या काढतो. निक्सओएस लोक निवडतात ते बऱ्याचदा एका सोयीसाठी: अपडेटनंतर वायफाय किंवा ग्राफिक्स बंद पडलं तर बूट मेन्यूमधून कालची जनरेशन निवडायची आणि कामाला लागायचं. संध्याकाळी अपडेट, रात्री -डी, सकाळी बिघाड, आणि मेन्यूत मागे जायला काही नाही. असं स्वतःवर का ओढवून घ्यायचं? --डिलीट-ओल्डर-दॅन ३०डी आठवड्यातून एकदा पुरेसं आहे. तारखेऐवजी संख्येने ठरवायचं असेल तर निक्स-एन्व्ह --डिलीट-जनरेशन्स +५ शेवटच्या पाच राखतं. निक्सओएसवर हे क्रॉनमध्ये लिहायचीही गरज नाही, निक्स डॉट जीसी डॉट ऑटोमॅटिक हा पर्याय कॉन्फिगरेशनमध्येच आहे.

प्रतींबद्दल खरंच काही करायचं असेल तर ते निक्स-स्टोअर --ऑप्टिमाइज. वेगवेगळ्या फोल्डरमधल्या, आतून तंतोतंत सारख्या असलेल्या फाइली ती हार्ड लिंकने (डिस्कवर मजकूर एकदाच, नावं अनेक) एक करते. निक्सच्या मॅन्युअलप्रमाणे साधारण २५ ते ३५ टक्के जागा वाचते. पहिल्यांदा वेळ लागतो, चहा होईपर्यंत चालू द्या.

मित्राचा लॅपटॉप परवा पुन्हा भरला. या वेळी त्याने आधी फोन केला. म्हटलं, प्रिंट-रूट्स टाक आणि वाचून दाखव. यादीत त्याच्या होम फोल्डरमधल्या तीन ‘रिझल्ट’ लिंक निघाल्या, त्यातल्या दोन तो साफ विसरून गेला होता. त्या दोन लिंक त्याने आरएमने काढल्या, मग निक्स-स्टोअर --जीसी चालवलं. अकरा जीबी सुटले.