नाईलचे पाटकरी

सुधाकरभाऊ इजिप्तहून परत आल्यापासून आमच्या कट्ट्यावर रोज नाईलला पूर येतोय. आठ दिवसांची ट्रिप, सहाशे फोटो आणि दर वाक्याआधी "आमचा गाईड म्हणाला". रविवारी ते पिरॅमिड छापलेली टोपी घालून आले, संध्याकाळी साडेसातला. काखेत पुठ्ठ्याची एक लांब नळी होती. "नंतर दाखवतो," म्हणाले आणि ती मांडीवर आडवी ठेवून बसले.

चहा येईपर्यंत विषय इथिओपियाने नाईलवर बांधलेल्या धरणावर गेला होता.

"दादागिरी आहे ही," सुधाकरभाऊ म्हणाले. "पाच हजार वर्षं ज्यांनी नदी पुजली, त्यांचंच पाणी वर अडवायचं? नाईल आई आहे त्यांची! आमचा गाईड म्हणाला, इजिप्त म्हणजे नाईलची देणगी."

"ते हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराचं आहे," नाना सर म्हणाले. "आणि त्याचा रोख मुख्यतः खालच्या त्रिभुज प्रदेशावर होता. नदीने गाळ आणून जमीनच नवी घडवली, असं त्याला म्हणायचं होतं."

"तेच ते. देणगी."

अण्णा बशीत चहा ओतत होते. अण्णांची उभी हयात पाटावर गेली. पाटाचं पाणी वाटणारे पाटकरी म्हणून लागले, कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. अजूनही वाटेत कुठे चारी दिसली की थांबून पाणी किती चाललंय ते बघतात.

"आई म्हणतोस ना तिला?" अण्णा म्हणाले. "मग तिचं माहेर कुठलं ते सांग."

सुधाकरभाऊ गप्प. गाईडने हे सांगितलं नसावं.

"इथिओपिया. इजिप्तला पोचणाऱ्या पाण्यातलं 85 टक्के तिथल्या डोंगरातलं. टाना सरोवरातून निळी नाईल निघते, खार्टूमला पांढऱ्या नाईलला मिळते. जून ते सप्टेंबर तिकडे पाऊस कोसळतो, आपल्यासारखाच. तो काळा गाळ तिकडचाच, सुपीक डोंगरांची धूप आहे ती. इजिप्तमध्ये पाऊस पडतो कुठे? तुझ्या अस्वानला तर जवळजवळ नाहीच."

"पण संस्कृती कुठे झाली? इजिप्तमध्येच ना?"

"झाली. ती कशी झाली ते बघायला गेला होतास की उंटावर बसायला?"

पक्या फिस्सकन हसला. पक्याला पिरॅमिड परग्रहावरच्या लोकांनी बांधले असं मोबाईलने पटवून दिलंय, त्यामुळे एरवी त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही.

मग अण्णांनी सुधाकरभाऊंचा फोन मागून घेतला. कार्नाकच्या देवळाचे खांब, जहाजावरचा बुफे, पुन्हा बुफे असं सरकवत सरकवत ते एका फोटोवर थांबले. अस्वानसमोरचं एलेफंटाईन बेट. दगडी पायऱ्या थेट नदीत उतरलेल्या, पायरीवर सुधाकरभाऊ दोन बोटं वर करून उभे. अण्णांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. सुधाकरभाऊ बाजूला गेले आणि मागची भिंत समोर आली. भिंतीवर एकाखाली एक कोरलेल्या आडव्या खुणा.

"ही काय आहे माहितीये?"

"नायलोमीटर. गाईड म्हणाला, राजाचं काहीतरी..."

"गेज आहे रे ही!" अण्णांचा आवाज एकदम चढला. "आपल्या कालव्याच्या दारापाशी पट्टी असते ना, तीच. इथे उभं राहून माणूस रोज पाणी बघायचा. पाणी किती चढलं, त्यावर यंदा पीक किती येणार याचा अंदाज, आणि त्यावर सारा. पीक उभं राहायच्या आधी सरकारला कळायचं. आणि तू या खुणांकडे पाठ करून उभा राहिलास."

मी तो फोटो नंतर मागून घेतला. पाण्याने घासलेल्या त्या भिंतीकडे बघताना मला जे वाटलं ते पिरॅमिडच्या एकाही फोटोने वाटलं नाही. रोज तिथे उतरून खूण वाचणाऱ्या माणसाचं नाव कुणाला ठाऊक नाही, पण गावोगावच्या कणगीत काय पडणार ते त्याला सगळ्यांत आधी कळत होतं.

नाना सरांनी भर घातली. प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने हिशेबच देऊन ठेवलाय: पाणी 12 हात चढलं तर दुष्काळ, 13 ला पोट अर्धं, 14 ला हायसं, 15 ला निर्धास्त, 16 ला आनंदीआनंद. त्याहून फार जास्त आलं की बांध फुटून गावं पाण्याखाली.

"म्हणजे 12 ते 16. चार हातांच्या फरकात सगळी संस्कृती," अण्णा म्हणाले. "आणि हा म्हणतो देणगी."

इथून पुढे अण्णा सुटले. नदीकाठच्या जमिनीला मातीचे बांध घालून मोठमोठे हौदे पाडलेले. पूर आला की बांध फोडून पाणी एकेका हौद्यात घ्यायचं, दीड-दोन महिने कोंडून ठेवायचं. गाळ खाली बसतो, जमीन ढेकळाच्या आतपर्यंत पिते, आणि खारटपणा धुऊन निघतो. मग उरलेलं पाणी खालच्या हौद्यात किंवा परत नदीत.

"आणि मग?" अण्णांनी मलाच विचारलं.

"वाफसा," मी म्हणालो. पेरण्याजोगी ओल.

"वाफसा! त्यांच्या वर्षाचे ऋतूच तीन. अखेत म्हणजे पूर, पेरेत म्हणजे जमीन पाण्यातून वर येते तो पेरणीचा काळ, शेमू म्हणजे कापणी. आपली रब्बीच की. गहू, जव, जवस, सगळं ओलीवर. चिखलात बी फेकायचं आणि वरून मेंढरं फिरवायची, म्हणजे खुरांनी बी दाबलं जातं. थडग्यांच्या भिंतींवर चित्रं आहेत. हजारो वर्षं हे चाललं आणि जमीन खारावून चोपण झाली नाही. आपण बारमाही पाणी पाजून एका पिढीत वावरं पांढरी केली."

"पण हे सगळं फेरोच्या हुकमाने," सुधाकरभाऊ म्हणाले. त्यांना राजाशिवाय काही घडत असेल असं पटतच नाही.

"राजाचं चित्र आहे खरं," नाना सर म्हणाले. "एका गदेच्या दगडी डोक्यावर विंचू-राजा हातात कुदळ घेऊन उभा आहे, पाट खोदण्याचा विधी मानतात तो. इसवी सनापूर्वी 3100 च्या आसपासचं. ऑक्सफर्डच्या संग्रहालयात आहे. पण रोजचे बांध-हौदे गावंच सांभाळत होती, असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं."

"राजा फोटोपुरती कुदळ धरतो," अण्णा म्हणाले. "बांध गावानेच घालायचा. माझे आजोबा पांझरा नदीवर फडाचे पाटकरी होते. बंधारा गावाचा, पाट गावाचा, पाण्याची पाळी गावाची. पाट साफ करायला घरटी माणूस. न येणाऱ्याला दंड. कुठल्या राजाने सांगितलं होतं?"

पक्याला आता राहवेना. "काका, पण एवढे दगड माणसांनी नेले कसे?"

"होडीने," नाना सर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. 2013 साली तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फला पपायरसचे तुकडे सापडले, साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी. हाताखाली चाळीसेक माणसं. तुरा इथल्या खाणीतून चुनखडी होडीत भरायची, खुफू राजाच्या पिरॅमिडसाठी गिझाला पोचवायची, परत यायचं. कुठल्या दिवशी कुठे मुक्काम, सगळं नोंदलेलं. पुरात पाणी वाढलं की पाटातून होड्या थेट बांधकामाजवळ जायच्या. नदी उत्तरेला वाहते आणि वारा बहुतेक दक्षिणेकडे वाहतो, त्यामुळे जाताना प्रवाह, येताना शीड.

"मस्टर!" अण्णा म्हणाले. दोन्ही हात त्यांनी गुडघ्यावर आपटले. "साडेचार हजार वर्षांपूर्वीचं मस्टर! पक्या, तुझे परग्रहवाले हजेरी मांडतात का रे?"

पक्याने फोन खिशात घातला.

नदी दरवर्षी प्रसन्न असे असंही नाही. नाना सरांनी अंख्तिफीची गोष्ट काढली. इसवी सनापूर्वी 2200 च्या सुमारास पूर पुन्हा पुन्हा कमी पडले, मोठं राज्य खिळखिळं झालं. पुढे मोअल्लाच्या या सुभेदाराने स्वतःच्या थडग्यात लिहून ठेवलं की सगळा दक्षिण इजिप्त भुकेने मरत होता, लोक पोटची पोरं खाण्यापर्यंत आले, आणि मी मात्र माझ्या मुलखात कुणाला उपाशी मरू दिलं नाही. "बढाई बाजूला काढा," सर म्हणाले, "पण भूक खरी. आणि ती भूक आपल्यालाही जवळची आहे. एल निनोच्या वर्षी तिकडचा पाऊस हटतो तसाच इकडचाही. 1877 ला नाईल आटली, तेव्हा दख्खनमध्ये माणसं मरत होती. 1899 ला पुन्हा तेच. आपले मारवाडी शेजारी ज्याला छप्पनिया म्हणतात, तो दुष्काळ."

कट्टा जरा वेळ शांत झाला. पोऱ्या पेले उचलून गेला.

मग सुधाकरभाऊ बोलले, यावेळी गाईडशिवाय. "हे सगळं ठीक आहे अण्णा. पण पाटाच्या वरच्या टोकाच्या हेडवाल्याला खालच्या टोकाचं, टेलचं दुःख कळत नाही. इजिप्त टेलला आहे. वर 74 अब्ज घनमीटरचं धरण झालं. जायकवाडीसारखी पंचवीस. दुष्काळात वरच्याने दार बंद केलं तर खालच्याने काय करायचं? मला विचार. एप्रिलची पाण्याची पाळी पोचलीच नाही. माझी केळीची 2000 खोडं गेली."

आली. तीस वर्षांची जुनी पाळी. ती वर्षातून दोनदा येतेच.

"वरच्यांनी रात्री पाइप टाकले होते, सुधाकर. मी चारीवर झोपत होतो."

"झोपत होतास, तेच म्हणतोय मी!"

हशा पिकला, पण अण्णा हसले नाहीत. "टेलचं दुःख मला कळतं. म्हणून तर सांगतो. 1959 ला इजिप्त आणि सुदानने बसून पाणी वाटून घेतलं, साडेपंचावन्न अब्ज घनमीटर याला, साडेअठरा त्याला. जिच्या डोंगरात पाऊस पडतो त्या इथिओपियाला बोलावलंही नाही. पाळी अशी ठरत नसते. आता तिने सप्टेंबर 2025 ला धरणाचं उद्घाटन केलं, तरी दुष्काळात किती सोडायचं हे ठरलेलं नाही. तेही चूक. गेज एकच पाहिजे आणि ती तिघांनी मिळून वाचली पाहिजे. तसं तर अस्वानचं मोठं धरण 1970 ला इजिप्तनेच पुरं केलं, गाळ त्यांनीच अडवला. आता शेतकरी खताची पोती आणतो. सगळा काळा गाळ त्या धरणाच्या नासर सरोवराच्या तळाशी."

"आपल्याकडे गाळ काढून शेतात टाकायची योजना आहे," मी म्हणालो.

"ती आधी आपल्या तलावात नीट चालू दे," अण्णा म्हणाले. "सुधाकर, ती नळी काढ."

सुधाकरभाऊंनी अलगद झाकण काढलं. पिवळसर कागद, त्यावर सोनेरी बोट, बोटीत देव. "ओरिजिनल पपायरस. दुकानदाराने सही करून दिलंय."

नाना सरांनी तो दिव्याकडे धरला. खऱ्या पपायरसमध्ये उभ्या-आडव्या पट्ट्यांची जाळी उजेडात दिसते, असं त्यांनी सांगितलं. जाळी दिसेना. अण्णांनी कागद घेतला, कडेला चिमटीत धरून हलकेच वाकवला. टर्र करून चीर गेली. त्यांनी तो नाकाशी नेला, पुन्हा बघितला, आणि अख्ख्या संध्याकाळी पहिल्यांदा हसू लागले. हसता हसता खोकला लागला.

"केळीचं पान आहे हे! अरे, जळगावच्या माणसाला केळीचं पान विकलं त्यांनी! किती दिलेस?"

सुधाकरभाऊंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "दीड हजार," म्हणाले. मग फाटलेली बोट बघत राहिले, आणि एकदम अण्णांच्या पाठीत धपाटा घातला. "त्या एप्रिलला पाणी सोडलं असतंस, तर इथून पानांचा ट्रक भरून मीच कैरोला नेला असता!"