“मासे वर आले की चुना टाका” हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

शेततळ्यात मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आला असेल. त्यात म्हटलंय की पाण्याला वास नसेल तर अमोनिया नाही, सकाळी मासे वर येऊन तोंड मारायला लागले म्हणजे अमोनिया झाला, मग कळीचा चुना आणि खडेमीठ टाका, जोडीला झिओलाइट (अमोनियम धरून ठेवणारं खनिज), पाणी हिरवं दिसलं तर मोरचूद (कॉपर सल्फेट), आणि तिलापिया-पंगस जातीचे मासे असतील तर टेन्शनच नको कारण ते काटक. खाली अर्थातच “शेतकरी हितासाठी शेअर करा”.

आधी चुन्याचं बोलू, कारण मरतूक तिथे होते. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो, एक अमोनियम, जो कल्ल्यातून सहज आत शिरत नाही, आणि दुसरा मुक्त अमोनिया, जो थेट रक्तात जातो. कुठला किती हे पीएच (पाणी किती आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा) आणि तापमान ठरवतं. पाणी 30 अंशाला असेल तर पीएच 7 ला एकूण अमोनियातला 1 टक्क्याहून कमी भाग मुक्त असतो, पीएच 8 ला 7-8 टक्के, आणि पीएच 9 ला जवळजवळ 45 टक्के. आपलं टेस्ट किट दोन्ही मिळून आकडा दाखवतं, त्यामुळे किटवर 2 पीपीएम (लिटरला 2 मिलिग्रॅम) आलं तर एका तळ्यात काहीच होत नाही आणि शेजारच्या तळ्यात मासे उलटे होतात. आता अशा तळ्यात कळीचा चुना टाकला की पीएच झपकन 9 च्या वर, म्हणजे निरुपद्रवी पडून असलेल्या अमोनियमचं विष आपणच केलं, आणि संध्याकाळी मासे तरंगले की शिव्या मत्स्यबीज विकणाऱ्याला! कळीचा चुना तळं रिकामं करून वाळवल्यावर तळाशी टाकायला ठीक आहे. साधी चुनखडीची भुकटी वेगळी, ती पीएच साधारण 8.3 च्या पुढे नेत नाही. मेसेजमध्ये मात्र सरळ कळीचाच लिहिलाय, तोही मासे असलेल्या पाण्यात.

सकाळचं लक्षण तर अगदी उलटं लिहिलंय. रात्रभर शेवाळ ऑक्सिजन बनवत नाही, सगळे श्वास घेतात, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पहाटे ऑक्सिजनही सगळ्यात कमी, पीएचही सगळ्यात कमी. म्हणजे अमोनियाचा दात त्या वेळी बोथट असतो. पहाटे मासे वर आले तर बहुतेक वेळा प्रॉब्लेम ऑक्सिजनचा, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) लावा. अमोनियाचा त्रास दुपारी 2 ते 4 ला बघा, ऊन चांगलं पडलंय, पीएच चढलाय, आणि मासे खाद्याला येत नाहीत, सुस्त पडलेत. किटही तेव्हाच वापरा आणि सोबत पीएच घ्या, नुसता अमोनियाचा आकडा फोटो काढून ग्रुपवर टाकला तर कोणीच काही सांगू शकत नाही. (हां, अमोनियाने कल्ले सुजले की ऑक्सिजन असूनही घेता येत नाही, त्यामुळे दोन्ही एकत्र दिसू शकतं.)

वासाचं म्हणाल तर 1-2 पीपीएमला नाकाला काही कळत नाही. तळातून सडक्या अंड्याचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड, तोही वाईटच पण वेगळा.

मीठ हे औषध खरंय, फक्त आजार दुसरा. बॅक्टेरिया अमोनियाचा नायट्राइट करतात, तो कल्ल्यातून क्लोराइडच्या वाटेने रक्तात घुसतो आणि रक्त तपकिरी पडतं, मिठातलं क्लोराइड ती वाट अडवतं. अमोनियावर याचा उपयोग नाही.

झिओलाइट गोड्या पाण्यात अमोनियम थोडंफार धरतं, टाकीत ठीक, पण अख्ख्या तळ्याला लागेल तेवढं विकत घेणं परवडत नाही. पालघर-रायगडकडे खाऱ्या पाण्यात व्हनामी कोळंबी करणाऱ्यांनी तर नादच सोडावा, तिथे सोडियमच सगळी जागा अडवतं.

काटक म्हणजे काय तर मरत नाही, एवढंच. पंगस वर येऊन हवा घेतो म्हणून कमी ऑक्सिजनमध्ये टिकतो, अमोनियाशी त्याचा संबंध नाही. सिंघी मासा अमोनियाचा युरिया करू शकतो, ती गोष्ट निराळी. बाकी मासे जगले तरी वाढ थांबते, कल्ले खराब होतात, रोग लवकर लागतो आणि खाद्याचं बिल तेवढंच येतं.

मुळात अमोनिया येतो खाद्यातून, हे त्या मेसेजमध्ये कुठेच नाही. 32 टक्के प्रोटीनचं 1 किलो खाद्य खाल्लं की साधारण 30 ग्रॅम अमोनिया पाण्यात येतो. 10 लाख लिटरच्या तळ्यात रोज 10 किलो टाकलं तर रोज 0.3 पीपीएमची भर, ती दिसत नाही कारण शेवाळ आणि बॅक्टेरिया खातात. आणि आपण मोरचूद टाकून तेच शेवाळ मारायचं, मग ते सडून आणखी अमोनिया.

वाढलाच तर दोन दिवस खाद्य बंद, एरेटर चालू, तळाचं थोडं पाणी काढून नवीन भरा, पण बोअरच्या पाण्याचा पीएच आधी बघा, कित्येक ठिकाणी तोच 8 च्या वर असतो. गूळ किंवा साखर कारखान्याची मळी चालते, त्यावर वाढणारे बॅक्टेरिया अमोनिया खातात, 1 ग्रॅम अमोनियाला 15-20 ग्रॅम गूळ, म्हणजे वरच्या तळ्याच्या एका दिवसाच्या अमोनियाला 4.5-6 किलो. एरेटर नसेल तर मात्र गूळ टाकू नका, ते बॅक्टेरिया रात्री माशांच्या वाट्याचा ऑक्सिजन संपवतात.