कुलरला गुन्हेगार ठरवण्याआधी

एप्रिल संपत आला की नागपुरातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द बदलतात, गाभा तोच: कुलर म्हणजे पाण्याची नासाडी, त्यापेक्षा एसी घ्या, एसी 16 वर लावा, खोली पटकन गार होते आणि वीज वाचते, कुलर सुरू असताना खिडक्या घट्ट बंद ठेवा, आरओ फिल्टरमधून वाया जाणारं पाणी कुलरमध्ये ओता, रात्री फ्रीज बंद करा. शेवटी हात जोडलेले आणि ‘पुढे पाठवा’.

पाण्याची काळजी खोटी नाही. 2019 च्या पावसाळ्यात तोतलाडोह धरण तळाला गेलं आणि शहरात पाणीकपात झाली, ते कोणी विसरलेलं नाही. खिडकीतला मोठा कुलर मे महिन्यात ताशी पंधरा लिटर पाणी सहज ओढतो. आठ तास चालला तर 120 लिटर. शहरी पाणीपुरवठ्याचा माणशी 135 लिटरचा निकष पाहिला, तर घरात जवळपास एक माणूस वाढला म्हणा ना.

पण ते पाणी वाया जात नाही, कामाला लागतं. एक लिटर पाणी वाफ होताना हवेतली पाऊण युनिट विजेपेक्षा किंचित कमी एवढी उष्णता शोषून घेतं. बाहेर 44 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर चांगल्या ताट्यांचा (बाजूंना लावलेल्या, पाण्याने भिजणाऱ्या वाळ्याच्या जाळ्यांचा) कुलर 27-28 अंशांची हवा देतो. मुंबईत हे जमत नाही, आपल्याकडे जमतं, कारण आपला उन्हाळा कोरडा आहे.

आता वीज. कुलर पंपासकट 200 वॉटच्या आसपास, म्हणजे आठ तासांत दीड-पावणेदोन युनिट. दीड टनाचा साधा एसी कॉम्प्रेसर चालू असताना तासाला दीड युनिट खातो, आणि मेच्या दुपारी कॉम्प्रेसर थांबायचं नावच घेत नाही: आठ तासांत बारा युनिट. कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा इन्व्हर्टर एसी कमी खाईल, तरी कुलरच्या कितीतरी पट. शिवाय औष्णिक वीज बिनपाण्याची होत नाही. केंद्र सरकारच्या 2015 च्या नियमात जुन्या वीज केंद्रांसाठी युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा आहे. त्या हिशेबाने बारा युनिटांमागे 42 लिटर. म्हणजे पाण्यात एसीच जिंकतो, हे मान्य. पण मेसेज सांगतो तसं एकीकडे 120 आणि दुसरीकडे शून्य, असं नाही. (कोराडीच्या वीज केंद्राला शहरातल्या भांडेवाडीचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी जातं, हीही गोष्ट लक्षात घ्या.) वीज आणि पाणी दोन्ही एका कागदावर मांडा, मग ठरवा.

कुलरचं पाणी खरं वाया जातं ते वेगळ्याच जागी. टाकीतला फ्लोट (टाकी भरली की पाणी थांबवणारा तरंगता गोळा) अडकतो, पाणी काठावरून थेंबथेंब गळत राहतं, खाली भिंतीवर शेवाळाची हिरवी रेघ उठते, आणि घरातले म्हणतात, ‘कुलर आहे, गळणारच!’ फ्लोट सरळ करायला पाच मिनिटं लागतात. ताट्या चिंब भिजल्या की पंप थोडा वेळ बंद ठेवला तरी गारवा टिकतो. डासांमुळे आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासावीच लागते. ते पाणी कुंड्यांना घाला.

16 अंशांचं म्हणाल तर साध्या एसीत तो आकडा वेग ठरवत नाही, कुठे थांबायचं ते ठरवतो. 16 वर लावा की 24 वर, कॉम्प्रेसर सारख्याच ताकदीने धावतो; 16 वर थांबत नाही एवढंच. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या म्हणण्याप्रमाणे एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते, आणि 2020 पासून नवे एसी 24 वरच सुरू होतात.

खिडक्या घट्ट बंद? हा सल्ला एसीचा, तो कुलरला चिकटवलाय. कुलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो. तिला जायला वाट नसेल तर खोलीत दमटपणा साचतो, अंग चिकचिकतं आणि कुलर बिचारा बदनाम होतो. समोरची खिडकी थोडी उघडी पाहिजेच.

आरओच्या पाण्यात क्षार एकवटलेले असतात. कुलरमध्ये पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. रोज तेच ओतलं तर ताट्यांवर पांढरी पापडी धरते, वाळ्याच्या काड्या कडक होतात, पाणी झिरपायचं थांबतं, आणि हंगाम अर्ध्यावर असताना नव्या ताट्यांचा खर्च. ते पाणी फरशी पुसायला, संडासात ओतायला वापरा.

फ्रीज रात्री बंद करणं तर निव्वळ भाबडेपणा. सकाळी तो तापलेला डबा पुन्हा गार करायला कॉम्प्रेसर सलग धावतो, आणि दूध नासलं तर वेगळंच.

एका बाबतीत मात्र कुलरची बाजू घेता येत नाही. पाऊस लागला, हवा दमट झाली की कुलर गारवा देत नाही, नुसता ओलावा देतो. जुलैत पंप बंद करा, ताट्या वाळवून ठेवा आणि पंख्यावर भागवा. नवा पंखा घ्यायचाच असेल तर कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, म्हणजे बीएलडीसी पंखा बघा. जुना 75 वॉट खातो, हा तीसेक वॉटमध्ये तेवढाच वारा देतो.