लंडन सोडून खेड्यात आलात? मग गाडी अशीच चालवा

अभिनंदन! लंडनचा फ्लॅट विकून शेवटी आलात तुम्ही आमच्या ऑक्सफर्डशायरच्या खेड्यात. चर्च, पब, बदकांचं तळं, इस्टेट एजंटच्या फोटोत होतं तसंच आहे सगळं. फोटोत फक्त रस्ता नव्हता, तो दाखवला असता तर घर विकलं गेलं नसतं. आता त्याच्याशी रोजचा संबंध येणार, तर चार गोष्टी आधीच सांगून ठेवतो, मागाहून कुणी बोललं नाही म्हणायला नको.

आधी गाडी मोठी घ्या. इथे रस्ता इतका अरुंद की दोन्हीकडची हेज, म्हणजे झुडपांचं कुंपण, आरशांना घासते, अशा ठिकाणी छोटी गाडी काय शोभणार? डोंगर चढणारी, नदी ओलांडणारी अशी बघा, आणि तिच्यातून पोराला शाळेत सोडा, जिथे ते दप्तर पाठीला मारून चालत दहा मिनिटांत पोचलं असतं.

शाळेसमोर इथे थांबू नका सांगणाऱ्या पिवळ्या झिगझॅग रेघा आहेत ना, त्या तुमच्यासाठीच राखून ठेवल्यात. हॅझर्ड लाइट लावायचे, ते लावले की गाडी कायद्याला दिसत नाही. कुणी हटकलंच तर "दोनच मिनिटं" म्हणा.

फुटपाथवर दोन चाकं चढवायला विसरू नका. लंडनमध्ये त्याला 1974 पासून बंदी, त्यामुळे तुमची हौस राहून गेली असणार. बाकी इंग्लंडात सरसकट बंदी नाही, घ्या फेडून. प्रॅमवाली बाई उतरेल रस्त्यावर, व्हीलचेअरवाले आजोबा जातील वळसा घालून, त्यांना कुठे घाई असते.

वेगाचं बोलू. गावात ट्वेंटीची, म्हणजे ताशी वीस मैलांची पाटी आहे, आमच्या काउंटीत बऱ्याच गावांत बसवल्या तशा. ती यावी म्हणून पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या मंडळाच्या, मीटिंगला तुम्ही तावातावाने भाषण करा आणि भाषण करून घरी जाताना पस्तीसने जा. पाटीचा नियम बाहेरून येणाऱ्यांना. वाटेत पिवळी जाकिटं घालून स्पीडगन धरलेले रिटायर्ड आजी-आजोबा दिसले तर हसून हात करा, ते स्पीडवॉचवाले, गाड्यांचा वेग मोजणारे गावचे स्वयंसेवक, त्यांना दंड करायचा अधिकार नाही, फार तर पोलिसांचं पत्र येतं. रिसायकलिंगचा डबा त्यासाठीच असतो. आणि गाव संपल्यावर काळ्या तिरक्या रेघेची पांढरी गोल पाटी लागली की साठ मैलांपर्यंत मुभा, पुढचं वळण आंधळं असलं म्हणून काय झालं.

घोडा दिसला की हॉर्न. हायवे कोड या इथल्या वाहतूक नियमांच्या पुस्तकात ताशी 10 मैलांच्या आत आणि निदान 2 मीटर अंतर ठेवून जा असं लिहिलंय, पण लिहिणाऱ्याला तुमची नऊची झूम मीटिंग कुठे माहीत होती.

खड्ड्यांसाठी पॅरिश कौन्सिलच्या क्लार्कबाईंना रात्री अकराला ईमेल करा. रस्ते काउंटी कौन्सिलचे, कचरा डिस्ट्रिक्ट कौन्सिलचा आणि पॅरिशच्या हातात बाकडी, मैदान आणि असलंच काहीबाही, पण त्या बाई गावातच राहतात, दुकानात दूध आणताना सापडतात, त्यामुळे झापायला सोयीच्या. मग कधीतरी काउंटीचा माणूस येऊन खड्ड्याभोवती रंग फवारून जाईल. रंग पावसाने जातो. खड्डा राहतो.

तात्पुरता सिग्नल लाल, खणलेल्या जागी एकही माणूस नाही? खुशाल घुसा पुढे.

रविवारी पाहुणे आले की शेजारच्या ग्लॉस्टरशायरमधलं बायबरी हे प्रसिद्ध देखणं खेडं बघायला न्या. रीडिंग-डिडकॉटसारख्या शहरांतली आपली मराठी मंडळीही हौसेने जातात. 14 व्या शतकात लोकर साठवायला बांधलेल्या आर्लिंग्टन रोच्या त्या दगडी घरांत आजही माणसं राहतात, पण ते विसरून कुणाच्याही फाटकासमोर गाडी लावा, डिकी उघडून इडल्या काढा आणि मागे गाड्या अडकल्यात त्यांचे फोटो काढून "किती ही गर्दी" म्हणून ग्रुपवर टाका.

आता मुख्य विषय, पासिंग प्लेस. गावाबाहेर रस्ता एकाच गाडीपुरता, मध्ये मध्ये कडेला थोडी रुंद जागा केलेली, समोरून कुणी आलं की एकाने तिथे सरकायचं. हायवे कोडचा नियम 155 म्हणतो की गरज पडली तर रिव्हर्स घेत तिथपर्यंत जा, आणि जमेल तेव्हा चढ चढणाऱ्याला आधी जाऊ द्या. तुम्ही मागे घ्यायची नाही. इंजिन बंद करा, मोबाइल काढा आणि समोरच्याकडे असं बघा की तो बुटांसकट तुमच्या दिवाणखान्यात शिरलाय. रिव्हर्स कॅमेरा, सेन्सर, वरून गाडी दाखवणारा स्क्रीन, सगळ्याचे जादा पैसे मोजलेत, ते वापरून झिजवायचे नाहीत.

पुढचा नियम 156, त्याच्यात या जागांबद्दल एकच वाक्य, पासिंग प्लेसमध्ये गाडी पार्क करू नका. एवढंसं वाक्य, राहून जातं वाचायचं. राहिलंच असणार, कारण गेल्या मंगळवारी सकाळी मी चढावर होतो, समोरून एक बाई लाल छोट्या गाडीत आल्या, बिचाऱ्या लगेच मागे घ्यायला लागल्या तर मागची पासिंग प्लेस भरलेली, एक करडी, मोठ्या डिकीची इस्टेट गाडी आरामात लावलेली, आत कुणी नाही, मालक कुत्र्याला घेऊन शेतातल्या पायवाटेने गेलेला. माझ्या मागे ट्रॅक्टर, त्याला गवताच्या गठ्ठ्यांचा ट्रेलर, तो काय मागे जाणार, त्याच्या मागे पार्सलवाला, त्याच्या मागे एक केअरर, घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांची देखभाल करणारी मुलगी. हेज डोक्याच्या वर वाढलेली, मार्च ते ऑगस्ट पक्ष्यांच्या घरट्यांसाठी शेतकऱ्याला ती साधारणपणे कापता येत नाही, त्यामुळे त्या बाईंना वळणापलीकडे रिव्हर्स घ्यायचीही भीती. सगळे उभे. ट्रॅक्टरवाल्याने डबा काढून सँडविच खाल्लं.

मग आले साहेब. कुंपणाच्या पायऱ्या ओलांडून, हातात कुत्र्याच्या शीची पिशवी, आम्हा सगळ्यांना बघून "मॉर्निंग!" म्हणाले. वाटलं आता काढेल गाडी. नाही. डिकी उघडली, टॉवेल काढला, कुत्र्याचे पाय पुसले. चारही. मग त्याला बिस्किट. मग वाटीत पाणी. मग डिकीच्या काठावर बसून स्वतःचे वेलिंग्टन बूट ओढून काढले, शांतपणे, आधी एक मग दुसरा, बूट पिशवीत, पिशवी कोपऱ्यात, आणि घरच्या बुटांच्या नाड्या बांधल्या. त्या केअरर मुलीने मागून चालत येऊन सांगितलं की मला कामावर उशीर होतोय, तर म्हणतात कसे, "एवढी घाई असेल तर खेड्यात राहू नये."

अहो, घाई तिला नव्हती हो! पलीकडच्या वस्तीत एक म्हातारं माणूस पलंगाच्या काठावर बसून तिची वाट बघत होतं, त्याला उठवायचं, कपडे चढवायचे, चहा द्यायचा, गोळ्या द्यायच्या, प्रत्येक घराला तिला मोजून वेळ असतो आणि एका घरी उशीर झाला की दिवसभर पुढच्या सगळ्या घरी उशीर, आणि तो ती स्वतःच्या जेवणाच्या वेळेतून भरून काढते. तुमच्या कुत्र्याचा पंजा कोरडा झाला, छान झालं. उद्या मागे अँब्युलन्स असली तर तिलाही मॉर्निंग म्हणणार आहात का?

सल्ला वगैरे राहू दे आता. लाज वाटली पाहिजे जरा. शांतता पाहिजे म्हणून खेड्यात यायचं, गावाची परंपरा जपा म्हणून नव्या घरांविरुद्ध सह्या गोळा करायच्या, आणि दुसऱ्याला जायला वाट द्यायची वेळ आली की आपल्याला दिसत नाही, कळत नाही, रिव्हर्स येत नाही. येत नसेल तर रविवारी सकाळी व्हिलेज हॉलच्या मागे मोकळी जागा असते, तिथे या आणि शिका, कुणीही शिकवेल. कुत्र्यालाही तिथूनच न्या, पायवाट त्याच आवारातून सुरू होते, पार्किंग फुकट आहे, आणि नाड्या बांधत पाहिजे तेवढा वेळ बसा, कुणी काही म्हणणार नाही.