राजा गेटवेखालून आलाच नव्हता

गेटवे ऑफ इंडियाच्या फोटोसोबत एक मजकूर सर्रास फिरतो : ‘1911 साली राजा पंचम जॉर्ज याच कमानीखालून मुंबईत उतरला. जॉर्ज विटेट नावाच्या इंग्रज साहेबाने पॅरिसची कमान इथे आणून बसवली आणि काम आटोपून तो मायदेशी परतला.’ यातलं एकही वाक्य टिकत नाही.

राजा आला 2 डिसेंबर 1911 ला. तेव्हा अपोलो बंदरावर, म्हणजे आज गेटवे आहे तिथे, दगडी कमान नव्हतीच. त्याला दिसलं ते पुठ्ठ्याचं मॉडेल. पायाभरणी 1913 ला झाली, विटेटचा आराखडा 1914 ला मंजूर झाला. मग समुद्रात भराव घालण्यात वर्षं गेली आणि 4 डिसेंबर 1924 ला व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने उद्घाटन केलं. राजाच्या आगमनानंतर तब्बल तेरा वर्षांनी!

पॅरिसचं म्हणाल, तर विजयकमानीची कल्पना युरोपातली आहे, हे मान्य. पण गेटवेपाशी उभं राहून जाळ्या बघा, घडण बघा. ती सोळाव्या शतकातल्या गुजरातची आहे.

विटेटची खरी नजर कळते ती काळा घोड्याजवळच्या म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. 1909 च्या स्पर्धेत त्याचा आराखडा निवडला गेला. घुमटाला विजापूरच्या गोल घुमटाचा आदर्श आहे. आत गेलात तर मान वर करून पहिल्या मजल्याचा गोल सज्जा नक्की बघा. तिथल्या कोरीव लाकडी कमानी नाशिकच्या एका जुन्या वाड्यातल्या आहेत. विटेटने ते लाकूडकाम विकत घेतलं आणि इथे बसवलं. विलायती नमुने आणून टाकणारा माणूस नाशिकच्या वाड्यातलं लाकूडकाम कशाला विकत घेईल?

आता ‘इंग्रज’ आणि ‘परतला’. विटेट स्कॉटिश होता, ब्लेअर अथॉलचा. 1904 ला मुंबईत आला, आधी वास्तुविशारद जॉन बेगच्या हाताखाली काम केलं, पुढे मुंबई सरकारचा सल्लागार वास्तुविशारद झाला, नंतर सरकारी नोकरी सोडून टाटांकडे गेला. 1926 ला तो मुंबईतच वारला. त्याला शिवडीच्या दफनभूमीत पुरलं आहे.

बॅलार्ड इस्टेट, इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, बॉम्बे हाउस ही सगळी त्याचीच कामं. आणि परळचं केईएम रुग्णालयही. राज्यभरातून गरीब रुग्ण आजही तिथे येतात, म्हणून मला ते गेटवेहून मोठं काम वाटतं. विटेटचं नाव घ्यायचंच असेल, तर पुढच्या वेळी केईएमचा फोटो टाका.