पिन कुठे गेली?

सकाळी साडेदहाला एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. नाव लिहीत नाही, माणूस वाईट नाही. "ताई, कथा फार आवडली. फक्त ते मधलं दीड पान तेवढं काढू. तिथं तीन टिंबं देऊ, वाचक समजून घेतात हो." मी विचारलं, काय समजून घेतात? तर म्हणाले, "आपला अंक घरात सगळे वाचतात."

स्वयंपाक झाला, ओटा आवरला, तरी डोकं शांत होईना. म्हणून लिहायला बसले.

कथेतली बाई ५२ वर्षांची, नवरा ५५चा. मुलगी लग्न होऊन सासरी गेली आणि कित्येक वर्षांनी घरात दोघंच उरली. त्या दीड पानात ती दोघं एकमेकांच्या जवळ येतात. एवढंच. त्याच अंकात एक खुनाची कथा आहे, संपादकांनीच कौतुकानं सांगितली. सुरा कुठून घुसला, रक्त कुठवर पसरलं, सगळं सविस्तर आहे. तिथं टिंबं नाहीत. माणूस मारलेला घरात सगळ्यांनी वाचायचा आणि नवऱ्यानं बायकोला जवळ घेतलं की पान काढायचं? हा कुठला न्याय?

असं पान कसं लिहायचं हे मला कुणी शिकवलं ते सांगते. मी आजही हातानं लिहिते. पूर्वी पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका डीटीपीच्या दुकानात टाइप करून घ्यायचे. तिथल्या ताई चाळिशीच्या, भराभर टाइप करणाऱ्या, मजकुराबद्दल कधी चकार शब्द न काढणाऱ्या. माझी पहिली प्रेमकथा त्यांच्याकडे गेली. त्यात मी लिहिलं होतं, 'तिचा पदर अलगद ढळला.' ताईंचे हात थांबले. "मॅडम, पिन कुठे गेली?"

मला कळेना. त्यांनी स्वतःच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमची बाई ऑफिसातून लोकलनं घरी आली ना? मग पिन लावलेली असणार. पदर ढळेल कसा?"

ते एक पान मी तीन दिवस लिहीत होते. त्याला पिन दिसते. त्याची बोटं जाड, त्याला ती उघडता येत नाही. टोचू नये म्हणून ती श्वास धरून उभी राहते. शेवटी पिन निघते आणि आता ही ठेवायची कुठं ते त्याला सुचत नाही. ती हात पुढे करते. तो पिन तिच्या बांगडीत अडकवतो. पुढे पदराबद्दल मला एक शब्दही लिहावा लागला नाही.

शृंगार लिहिणं म्हणजे हे काम असतं. लोकांना वाटतं, लाज सोडली की लिहिता येतं. अहो, लाज सोडून काही होत नाही. कुणाचा हात कुठं आहे, दिवा कुणी मालवला, बाहेरच्या खोलीत कोण झोपलंय, हे सगळं आधी लिहिणाऱ्याला ठाऊक असावं लागतं. त्यात आपल्या मराठीची अडचण. एका बाजूला 'उरोज', 'जघन', 'मीलन'. कुठलं जोडपं घरात 'मीलन' म्हणतं? दुसऱ्या बाजूला मुतारीच्या भिंतीवरचे शब्द. मधल्या जागेत नामं जवळजवळ नाहीतच. मी तिथं क्रियापदांवर भागवते. चाचपणं, बिलगणं, कुशीत शिरणं, अंग सैल सोडणं, मान वळवणं. रोजच्या घरातले शब्द आहेत हे. ते पुरतात, पण प्रत्येक ठिकाणी शोधून लावावे लागतात.

सूचकतेत ताकद असते, मान्य. कित्येकदा कडी लावल्याचा आवाज पुरतो. पण ती कडी लेखकानं निवडलेली असते. टिंबं काय सुचवतात? फक्त एवढंच, की इथं काहीतरी लाजिरवाणं होतं.

आणि हो, घाण लिहिणारेही आहेत. पिवळ्या पुस्तकांतही पिन नसते. तिथल्या बाईला खांदाही नसतो, नुसते अवयव असतात.

पण म्हणून आम्हाला दामटायचं? आपल्याच महाराष्ट्री प्राकृतात, सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशती या काव्यसंग्रहात, गोदाकाठच्या बायका आपली ओढ आपल्या तोंडानं सांगतात. दीड-दोन हजार वर्षं झाली त्याला. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली लैंगिक शिक्षणावरचं 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं, खटले सोसले, पण मरेपर्यंत, १९५३ पर्यंत, मासिक बंद केलं नाही. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' कादंबरी १९६२च्या एका दिवाळी अंकातच आली होती. दिवाळी अंकातच! अश्लीलतेच्या खटल्यात हायकोर्टानं त्यांना दोषी ठरवलं, ते पार सुप्रीम कोर्टात गेले, आणि १९६९ साली कोर्टानं सांगितलं की हे अश्लील नाही. एवढं सगळं होऊन आज मला फोनवर टिंबं सुचवली जातात. रडू आलं मला, खरं सांगते.

त्या ताईंचं एक सांगायचं राहिलं. पिनवालं पान टाइप झालं, त्यांनी प्रिंट काढली, कागद सरळ केले आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आमच्याकडे पिन कुणी काढत बसत नाही. माझे तीन ब्लाऊज खांद्यावर फाटलेत." मग बिल केलं. त्या एका पानाचे पैसे त्यांनी लावले नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, राहू द्या.

आज जे दीड पान काढायचं म्हणतात त्यात नवरा चष्मा काढून उशाशी ठेवतो. बायको तो उचलून टेबलावर ठेवते, कारण मागच्या महिन्यात त्याची एक काडी मोडली होती. मग ती त्याचा दुखरा गुडघा सांभाळून कूस बदलते. त्याच्या अंगाला बामाचा वास येतोय, आणि तिला तो आवडतो. तो चष्मा मला त्या ताईंमुळे दिसला. त्याच्या जागी टिंबं कशी देऊ?

संपादकांना जाहिराती मिळवायच्या असतात, वर्गणीदारांचे फोन घ्यायचे असतात, हेही मला कळतं. चार वाजता त्यांना फोन करून कथा परत घेतली. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, अजून आठवडा आहे, विचार करा. मी विचार केलाय.

ज्यांना कथा वाचायची असेल त्यांनी इनबॉक्समध्ये ईमेल पत्ता पाठवा. दीड पानासकट पाठवते.