‘बुलिट’ची मस्टँग: नवी केलेली नाही, तशीच विकली गेली

जुनी फोर्ड मस्टँग गाडी पार नवी करून ३७ लाख डॉलरला विकली, असा मजकूर फिरतोय. किंमत बरोबर आहे, गोष्ट उलटी आहे.

अभिनेता स्टीव्ह मॅक्वीनने १९६८च्या ‘बुलिट’ चित्रपटात चालवलेली ही हिरवी मस्टँग जीटी ३९०. १० जानेवारी २०२० रोजी फ्लोरिडातल्या किसिमीला मेकम या लिलाव कंपनीच्या लिलावात ती विकली गेली. हातोडा पडला, म्हणजे शेवटची बोली लागली, ३४ लाख डॉलरवर. खरेदीदाराचं शुल्क धरून ३७.४ लाख. म्हणून दोन्ही आकडे दिसतात, दोन्ही खरे.

पण नवी केली? छे! इंजिन चालू करण्यापुरतं काम झालं, बाकी विटका रंग, पोचे, गंज जसेच्या तसे. तळाला कॅमेरा बसवायला जोडलेले पाइपही आहेत. हीच तर ओळख पटवणारी खूण. घासूनपुसून चकचकीत केली असती तर पुरावाच पुसला गेला असता. १९७४मध्ये एका कुटुंबाने ती सुमारे ६ हजार डॉलरला घेतली, घरच्या गाडीसारखी वापरली. १९७७मध्ये खुद्द मॅक्वीनने पत्र लिहून मागितली, तरी दिली नाही.

मेक्सिकोत भंगारात सापडली ती याच चित्रपटातली दुसरी, स्टंटची मस्टँग. फिरणाऱ्या मजकुरात बहुधा या दोघींची खिचडी झालीय.